कान्होबाच्या दिवसांतले ग्रीक

गोंदियाच्या बाजारात कान्होबा आले आहेत. हातगाडीवर, ओल्या पोत्याच्या आडोशाला, एकाला एक टेकून पन्नास-साठ मातीचे कृष्ण उभे आहेत. निळं अंग, पिवळं धोतर, बासरी म्हणून खोचलेली काडी. रोवणी आटोपली आहे, बांध्यांत धानानं मूळ धरलं आहे, आणि कुडव्याहून शहराकडे येताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी चिखलाचा आणि खताचा मिळून एकच वास येतो. आता घरोघरी एका रात्रीसाठी देव आणायची घाई सुरू होईल. रात्रभर गाणी, दुसऱ्या दिवशी दुपारी देव तलावात. देवाला एवढाच मुक्काम देणाऱ्या लोकांबद्दल मला आदर वाटतो. आदराच्या बाबतीत मी एरवी फारसा उदार नाही.

हे दिवस आले की मला ग्रीक लोक आठवतात. यात विद्वत्तेचा काही भाग नाही. जिल्ह्याच्या दक्षिणेला, इटियाडोह धरणाच्या कालव्याखालच्या एका गावात कॉलेज आहे, आणि त्या कॉलेजात मी ग्रंथपाल होतो. ग्रंथपाल म्हणजे पुस्तकांवर धूळ बसू नये म्हणून नेमलेला माणूस. त्या धुळीत एक जाडजूड चित्रांचं पुस्तक होतं, प्राचीन ग्रीक मडक्यांचं. कुणीतरी घरातली जागा मोकळी करताना ते देणगी म्हणून दिलं होतं. माझ्या सगळ्या नोकरीत ते एकाच वाचकानं उघडलं, आणि तो वाचक मीच होतो.

नारिंगी मातीवर काळ्या आकृत्या. पुरुष काळे, बायका पांढऱ्या, दाढ्या टोकदार, मांड्या पैलवानाच्या. सगळे बाजूनं दिसतात, पण डोळा मात्र समोरून काढलेला. त्यामुळे जो तो राक्षस मारता मारता आपल्याकडे बघत असतो. आमच्याकडचे पुढारी नारळ फोडताना नारळाकडे न बघता कॅमेऱ्याकडे बघतात. ही जात इतकी जुनी असेल असं मला ते पुस्तक उघडेपर्यंत वाटलं नव्हतं.

त्या मडक्यांवरच्या पुराणातला हेराक्लीस म्हणजे त्यांचा थोर वीर. तो सिंहाचा गळा आवळतो. पुढच्या पानावरच्या मडक्यावरही आवळतो, त्याच्या पुढच्याही. एकच सिंह इतक्या मडक्यांवर मारता येत असेल तर पराक्रम फार स्वस्त पडतो. झ्यूस हा देवांचा राजा. तो बैल होऊन एका पोरीला पाठीवर घेऊन समुद्रापार पळवतो. आम्ही पोळ्याला बैलाच्या खांद्याला तूप-हळद लावतो, त्या बैलात असला राजा निघाला तर गावानं काय करावं? एका मडक्यावर अकिलीज आणि अजॅक्स हे दोन महायोद्धे चिलखत घालून, भाले खांद्याला लावून, पटावर सोंगट्या खेळत बसले आहेत. बाहेर युद्ध चालू आहे. हे चित्र मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा आमची शिक्षक-खोली आठवली. फरक इतकाच की आमच्याकडे कॅरम होता आणि भाले नव्हते.

आणि एक गंमत. कित्येक मडक्यांवर चित्राशेजारी लिहिलेलं असतं, 'अमुक तरुण सुंदर आहे.' चित्राशी त्या तरुणाचा काडीचा संबंध नसतो. श्रीमंताघरचा पोरगा, त्याची स्तुती मडक्यावर. गोंदियाच्या कुठल्याही चौकात वर मान करून पाहा. वाढदिवसाच्या फलकावर गॉगल घातलेला भावी कुणीतरी आहे आणि खाली बारीक फोटोंत शुभेच्छुकांची रांग. संस्कृती संस्कृती म्हणतात ती हीच असावी.

एका वर्षी कान्होबाच्याच दिवसांत कॉलेजचं मूल्यांकन करायला बाहेरची समिती येणार होती. समिती येणार म्हटल्यावर कॉलेजला जो ताप चढतो तो ज्यांनी पाहिला नाही त्यांना सांगून कळायचा नाही. झाडांच्या बुंध्यांना गेरू-चुना लागला. भाड्याच्या कुंड्या आल्या. मुलींच्या स्वच्छतागृहाचं कुलूप निघालं आणि आत कुणी पाऊल ठेवायचं नाही अशी सूचना लागली. आमच्या संस्थेचे अध्यक्ष, ज्यांना सगळे भाऊसाहेब म्हणत, त्यांनी कुठल्यातरी कॉलेजात ग्रीक खांब पाहिले होते. खांबांना आता वेळ नव्हता. तेव्हा प्राचार्यांना माझं पुस्तक आठवलं आणि ठरलं की 'जागतिक वारसा दालन' उघडायचं आणि त्यात बारा ग्रीक मडकी ठेवायची. डझनानं. तज्ज्ञ म्हणून माझी नेमणूक झाली.

मडकी करणार डोमाजी कुंभार आणि चित्रं काढणार त्याची बायको पारबता. दोघंही पन्नाशीच्या पुढचे. गावातले सगळे कान्होबा त्यांच्याच अंगणातून जात. पण त्या दोघांचा जीव त्या वर्षी मडक्यांत किंवा ग्रीकांत नव्हता, मातीत होता. गावाला कोहळी समाजाच्या पूर्वजांनी बांधलेला मोठा तलाव आहे. त्याच्या पोटातली काळी चिकण माती डोमाजीच्या घरानं पिढ्यान्‌पिढ्या काढलेली. त्याच्या दोन वर्षं आधी संस्थेनं सुशोभीकरणाच्या नावाखाली त्या काठाला तारेचं कुंपण घातलं. आत भाऊसाहेबांच्या वडिलांचा पुतळा बसला, सिमेंटची दोन हरणं बसली आणि डोमाजीची माती बंद झाली. तेव्हापासून तो कालव्याच्या कडेची माती आणी. तिच्यात वाळू फार. कान्होबाच्या मानेला चीर जायची, गिऱ्हाईक ती बोटानं दाखवायचं आणि पारबताबाई खाली बघायची.

भाऊसाहेबांनी कबूल केलं की मडकी चांगली झाली तर माती काढायच्या परवानगीचं पत्र देऊ. जगाचा वारसा चिठ्ठीच्या बदल्यात. मला तो सौदा बरा वाटला. निदान एका बाजूला काहीतरी खरं मागितलं जात होतं.

मी पुस्तक घेऊन त्यांच्या अंगणात गेलो. डोमाजीनं चित्रं उलटीपालटी करून पाहिली.

"दोन कान कायले जी याले?"

"धरायला. दारू असायची आत."

"दारूसाठी येवढा मोठा गुंड?" गुंड म्हणजे तिकडचा पाण्याचा मोठा घडा. त्यानं बायकोकडं पाहिलं. "पाय व, आपल्या गावातले पेनारे त गरीबच म्हना."

आकार त्यानं आठवड्यात उतरवले. काळा-नारिंगी मेळ मात्र भट्टीत जमला नाही. ग्रीक लोक ओली पानं जाळून धूर कोंडत आणि मग हवा सोडत, असं मी पुस्तकातून वाचून दाखवलं. डोमाजी म्हणाला, "धूर कोंडला त सारा गुंड कारा होते. अर्धा कारा अन् अर्धा लाल पायजे असंन त तुमीच बसा भट्टीत." मग लाल मडकी भाजून घेतली आणि काळा रंग हार्डवेअरच्या दुकानातून आणला. समितीला एवढं चालणार होतं. समितीला यापेक्षा बरंच काही चालतं.

पारबताबाईनं शिंदीची काडी चावून तिचा कुंचला केला आणि पुस्तकात बघून एकेक वीर काढला. हात असा की पाहत राहावं. सिंहाची आयाळ तिनं एका दमात उतरवली. झ्यूसच्या बैलाला तिनं झूल घातली. मी म्हटलं, पुस्तकात झूल नाही. ती म्हणाली, "देव आहे म्हनता, मंग उघडा कसा ठेवू?" बैलावरच्या पोरीच्या हातात बांगड्या आल्या. मी तज्ज्ञ असल्यामुळे गप्प बसलो.

बाराही मडकी रंगली तेव्हा माझ्या लक्षात आलं की डोळे नाहीत. डोळ्याच्या जागी प्रत्येकाला एक लाल ठिपका, कोरी माती सोडलेली. हेराक्लीस आंधळा, सिंह आंधळा, देवांचा राजा आंधळा.

"डोळे राहिले," मी म्हटलं.

"राहिले नाही, सोडले," पारबताबाई म्हणाली. "भाजल्या मातीले आमी डोरे नाही देत."

"म्हणजे?"

"कान्होबाले डोरे देतो सकारी, त तो दुसऱ्या दिवशी पान्यात जाते. कच्ची माती, घुरून जाते. डोरा मिटते. भाजलेला कधी घुरंन? त्याचा डोरा कधी मिटंन?"

त्यांच्या घराचा तो नियम होता. मी दुसऱ्या कुंभारांकडून असं ऐकलेलं नाही, आणि ऐकायची गरजही नाही. मी तेव्हा नियम या गोष्टीकडे ग्रंथालयाच्या नियमावलीसारखं बघत असे: भिंतीवर टांगायला ठीक. म्हणून मी युक्तिवाद करायला बसलो. शेवटच्या मडक्यावर अकिलीज एका वीर राणीला मारतो आहे, पेंथेसिलिया तिचं नाव. भाला गळ्यात जातो त्याच क्षणी दोघांची नजर भेटते आणि तो तिच्या प्रेमात पडतो. सगळी गोष्ट त्या नजरेत आहे, मी सांगितलं, डोळे नसतील तर हे नुसतं दोन माणसांचं भांडण होईल.

पारबताबाईनं मन लावून ऐकलं.

"पायलन, मंग पिरेम झाला?"

"हो."

"मंग सोडलन का तिले?"

"नाही. मारलंच."

"मंग डोरे असून काय फायदा झाला?" ती म्हणाली आणि कुंचला धुवायला उठली.

मी त्या पुस्तकात अनेक पंडितांची टिपणं वाचली आहेत. इतकं नेमकं कुणी लिहिलेलं नाही.

समिती यायच्या तीन दिवस आधी, शनिवारी, भाऊसाहेब दालन पाहायला आले. मागे प्राचार्य, त्यांच्या मागे विभागप्रमुख, त्यांच्या मागे कार्यालयाचे मोठे बाबू वही घेऊन. भाऊसाहेब एका मडक्यापाशी वाकले, दुसऱ्यापाशी वाकले.

"ये क्या है, प्राचार्य महोदय? सब के सब अंधे?"

प्राचार्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी दाराशी उभ्या डोमाजीकडे पाहिलं. डोमाजीनं सांगितलं, "भाजल्या मातीले डोरे नाही देत जी आमी."

"अरे भई, आँखें नहीं तो चिठ्ठी नहीं," भाऊसाहेब म्हणाले. आवाज चढवला नाही. आवाज चढवायची गरज असलेली माणसं वेगळी. "सीधी बात."

डोमाजीनं बाहेर पाहिलं. खिडकीतून तलावाचं कुंपण दिसत होतं, पुतळा दिसत होता, हरणं दिसत होती. मग त्यानं डोक्याचा दुपट्टा सोडला, पुन्हा बांधला आणि घरी गेला. जाताना मला एवढंच म्हणाला, "सायेब, आमचं होऊन गेलं."

दुसऱ्या दिवशी रविवार होता. दुपारी कॉलेजात कुणी नव्हतं. मी दालनाची किल्ली घेतली, पांढऱ्या रंगाची एक डबी आणि बारीक ब्रश घेतला आणि बसलो. मला वाटलं होतं की मी फार समजूतदार काम करतो आहे. दोन अडाणी माणसं एका खुळ्या नियमापायी माती गमावून बसणार. एक गर्विष्ठ माणूस दोन ठिपक्यांसाठी अडून बसलेला. मधे मी, वाचलेला, शहाणा, कुठल्याच बाजूच्या अंधश्रद्धेत नसलेला. ठिपका काढायचा, विषय संपवायचा. सगळे मिळून एकवीस डोळे निघाले, कारण ग्रीक माणूस बाजूनं काढल्यामुळे त्याला एक पुरतो.

माझा हात चित्रकाराचा नाही. हेराक्लीस झोपेतून उठल्यासारखा दिसू लागला. सिंहाच्या डोळ्यात त्याच्यापेक्षा जास्त अक्कल आली. शेवटी अकिलीज आणि ती राणी उरली. त्यांची नजर भेटायला हवी होती. मी तीनदा पुसलं, चौथ्यांदा सोडून दिलं. तो तिच्या डोक्यावरून कपाटाकडे बघत होता आणि ती त्याच्या ढालीकडे.

सोमवारी भाऊसाहेबांनी डोळे पाहून मान डोलावली आणि डोमाजीला सत्काराचं बोलावणं गेलं. मंगळवारी समिती आली. पाहुण्यांनी दालनात तीन मिनिटं घालवली, त्यातलं दीड मिनिट पंख्याखाली. एक बाई पाहुण्या म्हणाल्या, डोळे किती बोलके आहेत. प्राचार्यांनी हे वाक्य लगेच टिपून घेतलं.

मग सभागृहात सत्कार. शाल, नारळ, आणि 'स्थानिक कारागिराला मृत्तिका-उत्खननाची सन्मानपूर्वक परवानगी' असं सूत्रसंचालकानं म्हटलेलं ते पत्र. भाऊसाहेबांनी पत्राचं एक टोक धरलं, डोमाजीनं दुसरं. फोटो निघाला. भाऊसाहेबांचा डोळा कॅमेऱ्याकडे, अगदी मडक्यावरच्यासारखा. टाळ्या थांबल्यावर मोठे बाबू पुढे आले आणि डोमाजीच्या हातातून पत्र काढून घेत म्हणाले, "जावक क्रमांक टाकायचा आहे. उद्या घेऊन जा."

तो उद्या अजून उगवलेला नाही. डोमाजी महिनाभर कार्यालयात गेला. आधी पत्र सहीला होतं, मग सही झाली पण शिक्का नव्हता, मग मोठे बाबू रजेवर, मग कुठलं पत्र? मीही दोनदा विचारलं. भाऊसाहेब म्हणाले, "हो जाएगा, सर. आप किताबें देखिए." मी किताबें देखत राहिलो. माझी बाणेदार वृत्ती मुख्यतः मनातल्या मनात असते.

सत्काराच्या दिवशीच, सभागृहातून बाहेर पडल्यावर, डोमाजी आणि पारबताबाई आपली मडकी बघायला दालनात आले होते. मी दारातच उभा होतो. पारबताबाई पहिल्या मडक्यापाशी थांबली, मग दुसऱ्या, मग सरळ शेवटच्या.

"कोनं केलन हे?"

"मी," मी म्हटलं. "तुमच्या मातीसाठी."

"आमी म्हटलं होतं का जी तुमाले?"

"नाही."

"मंग कायले केलं?"

याचं उत्तर माझ्याकडे आहे, पण ते मोठ्यानं म्हणून पाहिलं की भाऊसाहेबांच्या भाषणासारखं वाटतं.

डोमाजी रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं. "ज्यानं डोरे देल्ले त्यानंच पुढचं पाहाव," तो म्हणाला. "आमच्यात तसाच आहे." आणि बायकोला घेऊन गेला.

समितीनं काय शेरा दिला तो मी विसरलो. दालन पुढच्या सत्रात परीक्षेच्या साहित्याची खोली झालं आणि मडकी ग्रंथालयामागच्या अडगळीत आली, मोडक्या बाकांच्या शेजारी. तिथे मी रोज जात असे. दार उघडलं की एकवीस डोळे. मला भूतपिशाच दिसत नाहीत, रक्तदाब ठीक आहे, आणि देव ही कल्पना मी विद्यार्थीदशेतच परत केली. पण एका गोष्टीचा त्रास होऊ लागला. पुस्तकातली ती खरी मडकी अडीच हजार वर्षं डोळे उघडे ठेवून आहेत. त्यांतली पुष्कळशी मेलेल्यांबरोबर थडग्यांत ठेवलेली. अंधारात, मातीखाली, टक्क. मग कुणीतरी खणून काढली आणि काचेत ठेवली, दिवा लावून. अमरत्व अमरत्व म्हणतात ते असं असतं. त्यापुढे आमचा कान्होबा एक रात्र जागतो आणि निजतो, हे मला पहिल्यांदाच सभ्य वाटलं.

वर्षभरानं, पुन्हा हेच दिवस असताना, मी पारबताबाईकडे गेलो. अंगणात कान्होबा वाळत होते. काय करू, म्हणून विचारलं. फोडून टाकू का?

"डोरे असलेला फोडते का कोनी?"

"मग?"

ती उठली, ओल्या मातीचा एक गोळा घेतला आणि माझ्यासोबत कॉलेजात आली. अडगळीत तिनं प्रत्येक डोळ्यावर चिमूटभर माती ठेवून अंगठ्यानं दाबली. हेराक्लीस, सिंह, झुलीतला बैल. काही पुटपुटली नाही, हात जोडले नाहीत. भांडं गळत असेल तर लिंपावं तसं.

"वाळली की पडेल," मी म्हटलं.

"पडंन. मंग पुन्हा लावजा."

"किती वेळा?"

"मले काय विचारता?" ती म्हणाली. "ही कालव्याची माती, वारूच वारू. तरावाची असती त एकदाच लावून झाला असता."

तेव्हापासून सात वर्षं झाली. मी निवृत्त होऊन कुडव्यात राहायला आलो. कुंपण आहे तिथेच आहे, फक्त हरणांची शिंगं गेली. दर वर्षी या दिवसांत मी एसटीनं गावी जातो. मला त्यातलं काही पटत नाही, हे मी बसमध्ये स्वतःला दोन तास सांगत असतो. यंदाही गेलो.

डोमाजीचे गुडघे आता धरतात. तो खाटेवर बसून सूचना देतो आणि पारबताबाई त्या ऐकत नाही. अंगणात कान्होबा मोजकेच होते. त्यांतल्या दोन कान्होबांच्या मानेला चीर. तिनं पाण्याचं बोट फिरवून एकाची बुजवली, दुसऱ्याची बुजली नाही.

"आले का ग्रीकवाले?" डोमाजी म्हणाला.

"माती हवी होती थोडी."

"येवढीशीच आहे," पारबताबाई म्हणाली. तिनं ढीग पाहिला, उरलेले कान्होबा पाहिले, हिशेब केला असावा. मग एक गोळा तोडला, त्यातला पुन्हा थोडा परत ढिगात टाकला आणि उरलेला पिशवीत घालून दिला. "हलक्या हातानं लावजा. अन् खाली पडले असतीन ते तुकडे झाडून आनून देजा. भिजवून घेतो."

नव्या ग्रंथपालानं कुलूप काढून दिलं. तो पोरगा बरा आहे, काही विचारत नाही; मला म्हातारचळ लागला आहे अशी त्याची समजूत आहे आणि मी ती दुरुस्त केलेली नाही. आत माती जवळजवळ सगळी गळून पडली होती. सगळे माझ्याकडे बघत होते, राणीच्या डोक्यावरून बघणारा अकिलीज आणि ढालीकडे बघणारी ती राणी सोडून.

मी एकेक डोळा लिंपला. शेवटी राणीचा, मग त्याचा. मग गुडघे टेकून जमिनीवरचे गेल्या वर्षीचे कोरडे तुकडे गोळा केले, नखाएवढेसुद्धा सोडले नाहीत, आणि बसची वेळ होण्याआधी ते पारबताबाईला नेऊन दिले. तिनं पिशवी हातावर तोलून पाहिली आणि तुकडे पाण्यात टाकले. संध्याकाळपर्यंत त्यांचा एक कान्होबा होईल, म्हणाली. लहान.